वस्तादांच्या उठाबशा

"पत्ता विचारतोय," मी म्हटलं.

"मग दे की," आबा म्हणाले.

टीव्हीवर आबांचा खेळ चालू होता आणि पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात पलीकडच्या गड्याचा मजकूर आला होता. इंग्रजी अक्षरांत लिहिलेली मराठी. मी ती दुसऱ्यांदा वाचून दाखवली. 'लय माज आलाय तुला. दम असेल तर पत्ता सांग, घरी येऊन दाखवतो.'

"आबा, ही धमकी आहे."

"ते नंतर बघू. घरी येतो म्हणालाय न्हवं?"

"म्हणालाय."

"मग पत्ता न देऊन कसं चालंल? लिही. शिवाजी पेठ, तालमीच्या मागची गल्ली, पिठाच्या गिरणीवरनं आत. दिनकर वस्ताद म्हणून गिरणीत विचारलं तर कुणीबी घर दाखवंल. आणि खाली लिही, जेवायलाच ये."

मी तेव्हा शाळेत गणित शिकवत होते. अनोळखी माणसाला इंटरनेटवर घरचा पत्ता देऊ नये, हे आदल्याच आठवड्यात वर्गातल्या मुलींना सांगून घसा बसवून घेतला होता. पण खाटेवरून आबा बघत असले की आपण शिक्षिका आहोत हे आठवणं अवघड जायचं. एकेक अक्षर निवडत मी सगळा पत्ता लिहिला, गिरणीसकट. खाली 'जेवायलाच ये' असंही लिहिलं.

पलीकडून काहीच उत्तर आलं नाही.

"लाजला असंल," आबा म्हणाले.

आबा, म्हणजे माझे वडील दिनकरराव साळोखे, पेठेतल्या तालमीत मर्दानी खेळाचे वस्ताद. लाठी, भाला सगळंच शिकवायचे, पण जीव दांडपट्ट्यावर. कोपरापर्यंत हात आत जाईल अशी लोखंडी मूठ आणि पुढे वाकेल तसं वाकणारं लांबलचक पातं. आडव्या झोपलेल्या माणसाच्या पोटावर लिंबू ठेवायचे, पट्ट्याने त्याचे दोन भाग करायचे आणि मग त्याच लिंबाचं सरबत त्या माणसाला पाजायचे. लग्नानंतरची काही वर्षं पोट आईचं असे. भीती नाही वाटायची का, असं कुणी विचारलं की ती म्हणायची, "भीती कसली, संध्याकाळचा स्वयंपाक कुणी करायचा होता ते त्यांना ठाऊक होतं."

अशा माणसाचा गुडघा गेला. पुण्याला नेऊन वाटी बदलून आणली. डॉक्टरांनी सांगितलं, दुसऱ्या दिवसापासून चालायचं आणि गुडघा रोज थोडा थोडा वाकवायचा, नाहीतर तो आखडून तसाच राहील. आबा चालले. वॉकर घेऊन दारापर्यंत गेले. बाहेर दूधवाला सायकल लावत होता. तो अगदी आपुलकीने म्हणाला, "वस्ताद, जपून."

आबा तिथूनच मागे फिरले. बाहेरच्या खोलीत, सोप्यातल्या खाटेवर येऊन भिंतीकडे तोंड करून पडले ते पडलेच. जेवायला इकडे तोंड करायचे, जेवण झालं की परत भिंत. आईने समजावलं, मी चिडले, तालमीतली पोरं येऊन बसली. आबा पोरांशी चार शब्द बोलायचे आणि पाठ फिरवायचे. आयुष्यात त्यांना कुणी जपून म्हणालं नव्हतं.

शेवटी मी भावाच्या कपाटातून त्याचं खेळाचं यंत्र काढलं. संग्राम जर्मनीला जाताना ते इथेच ठेवून गेला होता. टीव्हीला जोडलं, मारामारीचा एक खेळ लावला, माझा मेल टाकून खातं उघडलं, नावाच्या जागी 'वस्ताद' लिहिलं आणि एकटीच वेड्यासारखी बटणं बडवत बसले. दोन माणसं समोरासमोर उभी राहायची, एकमेकांना हाणायची, एक पडला की दुसरा जिंकला. मी पडत होते.

बऱ्याच वेळाने पाठीमागून आवाज आला. "पाय मागं का ठेवालीस?"

मी वळले नाही. वळले असते तर ते परत भिंतीकडे वळले असते. "मला कुठे येतं?" म्हटलं.

"दे हिकडं."

हा सगळा इतिहास एवढ्यासाठी सांगितला, की ते यंत्र आमच्या घरात करमणुकीसाठी आलेलं नव्हतं. आबांचं तोंड भिंतीवरून इकडे वळलं होतं ते त्याच्यामुळे. पाय मात्र उशीवरच होता.

खेळातल्या गड्यांपैकी आबांनी एक बाई निवडली, कारण तिच्याच हातात लवलवणारं लांब पातं होतं. कपडे बेताचेच. आई पहिल्यांदा बघून म्हणाली, "अहो, तिला अंगभर काहीतरी घालायला सांगा."

"तू कपडं कुठं बघालीस? मनगट बघ तिचं."

"मनगटच दिसतंय का तुम्हाला?"

"बाकी काय बघण्यासारखं न्हाई. पवित्रा कच्चा आहे."

पण महिनाभरात त्या बाईचा पवित्रा पक्का झाला. आबांची बोटं जाड, बटणं बारीक, सुरुवातीला फार तारांबळ व्हायची. मात्र समोरचा कधी पुढे येणार, कुठल्या वाराआधी थबकतो, मार खाल्ला की कुठल्या बाजूला पळतो, हे त्यांना दोन झटापटींत कळायचं. पलीकडे मुंबईचा असो, दिल्लीचा असो, पडायचा. तो पडला की आबा खेळाच्या रिमोटवरची बारकी काठी दोनदा खाली ओढायचे आणि ती बाई पडलेल्या गड्यापाशी दोनदा वाकून उठायची. त्या खेळात सामना सुटल्यावर पुढची घंटा होईपर्यंत गडी मोकळे असत, तेवढ्यात हे होऊन जाई. आमच्या तालमीत जिंकणाऱ्याने खेळ संपल्यावर दोनदा वाकून सलामी द्यायची रीत आहे. मी ती लहानपणापासून बघत आलेले, त्यामुळे पडद्यावर बघताना मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

शिव्या मात्र भरपूर यायच्या. हिंदीत, इंग्रजीत, कधी नुसत्याच चित्रांच्या. मी वाचून दाखवायला संकोचायचे.

"वाच की. शिव्या देतोय म्हणजे लागलंय त्याला. जीव लावून खेळला असणार."

रोज दुपारी ठरलेल्या वेळेला येऊन ठरल्यासारखा हरणारा एक होता. नाव ब्लडकिंग. अंगभर काटे असलेला एक राक्षस घेऊन खेळायचा. आबा त्याला बलकिंग म्हणायचे आणि त्याची वाट बघायचे. पत्ता मागितला तो यानेच.

पत्ता दिल्यावर तो गायब झाला, आणि दोन दिवसांनी माझ्या मेलवर खेळाच्या कंपनीचं पत्र आलं. पराभूत खेळाडूंचा वारंवार अपमान करत असल्याच्या अनेक तक्रारी तुमच्याविरुद्ध आल्या आहेत. यापुढे एक जरी तक्रार आली तरी खातं कायमचं बंद होईल.

मी ते आबांना वाचून दाखवलं. त्यांनी पुन्हा वाचायला लावलं.

"पडलेल्या गड्याचा अपमान? मी?"

"असं लिहिलंय."

"कसला अपमान केला ते लिहिलंय का?"

"नाही."

आबांनी रिमोट उशाशी ठेवला. मग हळूच भिंतीकडे कूस वळवली. आईने माझ्याकडे बघितलं. मी स्वयंपाकघरात जाऊन उगीच भांडी लावत बसले. खातं गेलं असतं तर नवं उघडता आलं असतं, पण आबा त्याला हात लावणार नाहीत हे आम्हा दोघींना कळत होतं. न केलेल्या अपमानाचा ठपका घेऊन नाव बदलून खेळणारा माणूस नव्हता तो.

रविवारी दुपारी दार वाजलं. बाहेर एक उंच, काटकुळा मुलगा उभा होता. डोक्यावर हेल्मेट, काच खाली ओढलेली.

"वस्ताद इथंच राहतात का?"

"हो. आपण?"

त्याने आजूबाजूला बघून घेतलं. मग आवाज जाड करून म्हणाला, "ब्लडकिंग."

आतून आबांचा आवाज आला. कितीतरी दिवसांनी एवढा मोठा आवाज आला होता. "बलकिंग आला का? आत घे त्याला. उन्हात का हुबा केलायस?"

तो आत आला, पण हेल्मेट काढेना. सोप्यात नजर फिरवली. खाटेवर पांढऱ्या मिशांचा म्हातारा, गुडघ्याखाली उशी. कोपऱ्यात तांदूळ निवडणारी आई.

"वस्ताद कुठायत?"

"मीच की. बस. हेल्मेट काढ, जेवताना अडंल."

त्याने हेल्मेट काढलं. आत चष्मा निघाला, तोही वाफेने भरलेला. तो पुसून त्याने पुन्हा एकदा आबांकडे बघितलं आणि मग एकदम विद्यार्थ्यासारखा खुर्चीच्या टोकावर बसला. नाव सन्मती मगदूम. जयसिंगपूरचा. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. गाडी मित्राची, हेल्मेटही मित्राचं.

"मग एवढे दिवस का आला न्हाईस?" आबांनी विचारलं.

"तुम्ही लिहिलं होतं ना, जेवायलाच ये." सन्मती म्हणाला. "मला ती धमकी वाटली. मित्र म्हणाले, हा मोठा दादा असणार, सगळा पत्ता देतोय म्हणजे पोरं बसवली असणार. नाही गेलास तर ब्लडकिंग नाव काढून टाक म्हणाले."

आई हसू दाबत उठली. "तांबडा-पांढरा तयार आहे. हात धुवा."

सन्मती आणखी आक्रसला. "काकू, मी जैन आहे."

"म्हणजे मटण न्हाई?"

"अंडंपण नाही."

आई कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "ब्लडकिंग नाव लावतोस आणि अंडं खात नाहीस?"

"चांगली नावं आधीच गेली होती काकू. हे मोकळं होतं."

आईने त्याच्यासाठी मुगाची उसळ टाकली. दिवस मावळायच्या आत जेवायचं का, हेही विचारून घेतलं, आणि दुपारचे दोन वाजलेत हे तिला सन्मतीनेच सांगितलं. तोवर आबांनी मुद्द्याला हात घातला.

"मला माज आलाय म्हणालास. कशावरनं?"

सन्मतीने माझ्याकडे बघितलं.

"सांग," मी म्हटलं. "आम्हालाही जाणून घ्यायचंय."

"आजोबा, तुम्ही जिंकल्यावर उठाबशा काढता ना."

"उठाबशा?"

"पडलेल्या माणसाच्या शेजारी जाऊन बसता, उठता, बसता, उठता. ऑनलाइन त्याचा अर्थ फार वाईट होतो."

"काय होतो?"

सन्मतीचे कान लाल झाले. "काकूंसमोर नाही सांगता येणार. चिडवणं म्हणा. तोंडावर थुंकण्यासारखं. सगळ्या जगात तोच अर्थ आहे, लहान पोरांनाही माहीत असतो. रोज माझ्यावर करत होता तुम्ही. मी तक्रार केली. मी एकट्याने नाही, पुष्कळांनी केली."

मी आबांकडे बघायचं टाळलं. मला आधी हसू आलं होतं हे खरं आहे, पण त्यांचा चेहरा दिसला आणि हसू गेलं. त्यांचे ओठ हलत होते.

"किती जणांना केलं असंल मी?"

"जिंकलात तेवढ्या सगळ्यांना."

"सगळ्यांना," आबा म्हणाले.

मग मीच तालमीची रीत सांगायला लागले, पण आबांनी हाताने मला थांबवलं.

"पहिल्यांदा वाकायचं ते मातीला. तिनं उभं ऱ्हायला जागा दिली. दुसऱ्यांदा वाकायचं ते पडलेल्या गड्याला. तो समोर आला म्हणून मला खेळता आलं. तो नसता तर काय मी एकटाच माशा मारल्यागत पट्टा फिरवत बसलो असतो? माझ्या वस्तादांनी सांगितलं होतं, पाडल्यावर जो वाकत न्हाई त्याच्या हातात काठी द्यायची न्हाई."

सन्मती त्यांच्याकडे बघत राहिला. "म्हणजे तुम्ही मला नमस्कार करत होता?"

"रोज."

आईने ताट आणून ठेवलं. सन्मती खाली मान घालून जेवला. भाकरी वाढू का विचारलं तरी मान वर केली नाही.

जेवण झाल्यावर तो तोडगे सुचवायला लागला. मुलगा मनाने चांगला होता. "आजोबा, सोडून द्या की ते. खेळात कुणीच करत नाही. किंवा असं करा, सामना सुरू व्हायच्या आधी वाका. आधी वाकलेलं कुणाला लागत नाही."

"आधी काय, भ्यालेला माणूसबी वाकतो. खरं वाकायचं असतंय ते जिंकल्यावर."

"पण पलीकडच्याला कळतच नाही ना, तुम्ही नमस्कार करताय ते."

"त्येच," आबा म्हणाले. "केला तर त्याचा अपमान. न्हाई केला तर माझ्या वस्तादांचा. कुठल्या तरी एकाला वाईट वागवल्याशिवाय आता मला जिंकताच यायचं न्हाई."

जाताना सन्मतीने गुडघा सांभाळून आबांच्या पायाला हात लावला. त्याची परीक्षा तोंडावर आली होती, महिनाभर खेळणार नाही म्हणाला. दारात माझ्याजवळ येऊन हळूच विचारलं, "ताई, आजोबा चालत नाहीत का?"

"चालता येतं. चालत नाहीत."

त्या संध्याकाळी आबा भिंतीकडे तोंड करून झोपले. आम्हाला वाटलं, संपलं. पण सकाळची शाळा सुटून मी घरी आले तर टीव्ही चालू होता आणि आबा खेळत होते. आई मला डोळ्यांनीच गप्प राहा म्हणाली. दोघींना इतकं बरं वाटलं, की कोण जिंकतंय याकडे आम्ही लक्षच दिलं नाही.

लक्ष गेलं तेव्हा कळलं की आबा हरतायत. त्या दिवशी, दुसऱ्या दिवशी, नंतरही रोज. मला वाटलं, मन लागत नसेल, बोटं दुखत असतील. मग एका दुपारी तपासायच्या वह्या बाजूला ठेवून शेजारी बसून बघितलं. आबा पहिल्यासारखेच खेळत होते. समोरच्याला कोपऱ्यात घेत होते, त्याचे वार अंगाला लागू देत नव्हते. आता फक्त एक शेवटचा वार राहिला, की ती बाई पातं उगारून थांबायची. तशीच थांबून राहायची. पलीकडचा बावचळायचा, मग सावरायचा, हाणायला लागायचा आणि ती मुकाट्याने मार खाऊन पडायची.

"आबा, तुम्ही मुद्दाम हरताय."

"मग?"

"का?"

"वाकायचं असतंय जिंकल्यावर. जिंकलोच न्हाई तर वाकायला नको. कुणाचा अपमान न्हाई, तक्रार न्हाई, खेळबी चालू ऱ्हातो. तू गणित शिकवतीस, तुला सुचलं न्हाई?"

"पण हरताय तुम्ही."

"हरल्यानं काय हाड मोडतंय व्हय?"

हे आबा म्हणत होते. जत्रेतल्या फडात एकदा बरोबरी झाली म्हणून दोन दिवस न जेवलेले आबा. खाली कोपऱ्यात मजकूर येतच होता. 'वस्ताद संपला.' 'म्हातारा झाला का रे.' त्यांनी तो मला वाचायला लावला आणि मिशीत हसले. मला मात्र रडू आलं. दूधवाल्याचा एक शब्द ज्यांना सोसला नव्हता ते रोज शंभर जणांकडून हे ऐकून घेत होते, आणि तेही कुणाला दुखवायचं नाही म्हणून. इतका अभिमान मला त्यांच्या पट्ट्याचाही कधी वाटला नव्हता. पण पाय उशीवरच होता, आणि डॉक्टर येऊन बजावून गेले होते की आता उशीर होत चाललाय, गुडघा एकदा आखडला की आपल्या हातात काही राहणार नाही. आबांनी त्यांना चहा पाजून पाठवलं.

परीक्षा संपवून ब्लडकिंग परत आला. पहिल्या सामन्यात बाईने त्याला असं काही झोडपलं की मला वाटलं, आबा सगळं विसरले. शेवटच्या वाराला पातं वर गेलं आणि थांबलं. राक्षस जिंकला. दुसऱ्या सामन्यात तेच. मग मजकूर आला. 'आजोबा, शेवटचा वार का मारत नाही?'

"लिही, बोट आखडलं."

मी लिहिलं. मग तिसऱ्या सामन्याची घंटा झाली.

या खेपेला सन्मती फार चांगला खेळला. आबांना बसल्या जागी घाम फुटला. आई चहा घेऊन आली ती कप हातात धरून उभीच राहिली. शेवटी दोघांत एकेका वाराचाच जीव उरला. बाईने पातं उगारलं आणि ती थांबली.

राक्षसाने हात उगारला आणि तोही थांबला.

"हा मारत का न्हाई?" आबा म्हणाले.

"तुम्ही का मारत नाही?" मी म्हटलं.

पडद्यावर वरच्या बाजूला वेळ उतरत होता. ती अर्धवट कपड्यांतली बाई आणि तो काटेरी राक्षस एकमेकांकडे बघत उभे होते, दोघांचे हात वर. वेळ संपला. कुणीच पडलं नव्हतं, त्यामुळे त्या खेळाच्या नियमाने कुणीच जिंकलं नाही. घंटा झाली आणि सामना बरोबरीत सुटला.

मग राक्षस खाली वाकला. उठला. पुन्हा एकदा वाकला आणि उठला. पडलेलं कुणी नव्हतं, त्यामुळे चिडवायलाही कुणी नव्हतं.

आबा उशीवरून अर्धे उठले. "बघितलंस का?" त्यांनी आईला विचारलं. आईने मान हलवली.

"ह्याला तू सांगितलंस?" त्यांनी मला विचारलं.

"मी काही सांगितलं नाही."

आबांनी पांघरूण बाजूला केलं. गुडघ्याखालची उशी काढून खाली टाकली आणि पाय जमिनीवर सोडले.

"अहो, काय करताय?" आई म्हणाली.

"गडी सलामी देतोय. पडून घ्यायची व्हय?"

मी वॉकर आणायला धावले, पण त्यांनी तो नको म्हटलं आणि आईच्या खांद्यावर हात टाकला. रिमोट माझ्या हातात कोंबला. "हिला तू वाकव. मी माझं बघतो."

आबा उभे राहिले. डोळ्यांत पाणी होतं, ते दुखण्याचं होतं की कशाचं, मी विचारलं नाही. टीव्हीसमोर सरळ उभं राहून त्यांनी दोन खोल श्वास घेतले आणि ते वाकायला लागले. मी रिमोटवरची काठी खाली ओढली. बाई पटकन वाकून उठलीही. आबांचं चालूच होतं. इतके दिवस न हललेला गुडघा थरथरत होता, दातांवर दात दाबलेले होते, आईचा खांदा त्यांच्या वजनाने एका बाजूला कलला होता. पण गुडघा वाकत होता. जमिनीपासून वीतभर अंतरावर हात थांबला, तिथे थोडा वेळ लोंबकळला आणि मग त्यांनी तो तसाच कपाळाला लावला.

"मातीला हात टेकला न्हाई तुमचा," आई म्हणाली.

"उद्या टेकंल," आबा म्हणाले, आणि दुसऱ्यांदा वाकायला लागले.